पाहून धरजो

हरिदास नोकरीत नेमकं काय करतो, हे त्याच्या आईला शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. वडनेरच्या बाया विचारायच्या, ‘जिजाबाई, तुहा लेक कोन्या कामावर हाय व?’ ‘दवाखान्यात,’ ती म्हणायची. डॉक्टर आहे का? नाही. कंपाउंडर? तेही नाही. मग बायांच्या नजरा पाहून जिजाबाईचं डोकं फिरायचं. ‘सातवी पास झाला, मद्रासले जाऊन आला, अन् आता लोकाईचे हात दाबून राह्यला! झालं समाधान?’

म्हातारीचं अगदीच खोटं नव्हतं. हरिदास दिवसभर लोकांचे हात धरून बसायचा. वर्ध्याहून हिंगणघाटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कुष्ठरोग्यांची एक वसाहत होती. तिथल्या दवाखान्यात तो आधी जखमा बांधायच्या कामावर लागला. महिन्यातून दोनदा नागपूरहून ऑपरेशनं करायला अच्युतराव डॉक्टर यायचे, त्यांनी एकदा त्याची पट्टी पाहिली. पट्टी म्हणजे काय, पट्टीच. पण हरिदास ती बांधताना प्रत्येक बोट वेगळं ठेवायचा, कुणी सांगितलेलं नसताना. डॉक्टरांनी कारण विचारलं. तो म्हणाला, ‘एकत्र बांधले तं एकमेकाले चिकटून बसतात साहेब, मंग सुटतच नाई.’ एवढ्या एका वाक्यावर डॉक्टरांनी त्याला मद्रासकडच्या एका मोठ्या इस्पितळात नऊ महिने शिकायला धाडलं. ही १९५४ सालची गोष्ट.

तिथं तो भात खाऊन खाऊन वाळला, तमिळमध्ये ‘वाकव’ आणि ‘सोड’ एवढं बोलायला शिकला, आणि हाताचं शास्त्र मात्र पक्कं करून एका जाड वहीत उतरवून घेऊन आला. परतल्यावर त्याला दवाखान्यामागची एक लांबट खोली मिळाली. तिच्यात दोन बाकं, एक टेबल, मेण वितळवायची शेगडी, तिळाच्या तेलाचा डबा आणि कोपऱ्यात ओलं पोतं टाकून झाकलेली कुंभाराची माती. मेणात हात बुडवायचा, मग तेल लावून चोळायचा, मग माती दाबायची. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटे.

लोकांना वाटतं, या रोगात बोटं झडतात. हरिदास नव्या रोग्याला पहिल्याच दिवशी सांगायचा की बोटं झडत नाहीत. रोग नसा खातो. नस गेली की बोटं सरळ ठेवणारं बळ जातं, म्हणून ती आकड्यासारखी आत वळतात. आणि नसेबरोबर खबरही जाते. चटका, टोच, काप, काहीच कळेनासं होतं. मग माणूस विडी बोटांना टेकेपर्यंत ओढतो, विळ्यानं कापून घेतो, आणि बोटं पेरापेरानं कमी होत जातात. रोगावर गोळ्या निघाल्या होत्या, त्यांनी रोग थांबायचा. वळलेली बोटं डॉक्टर सरळ करू शकायचे. खबर परत आणणारं मात्र कुणी जन्माला आलेलं नव्हतं. म्हणून हरिदासनं खोलीच्या भिंतीवर गेरूनं हातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं: आधी पाहा, मग धरा.

डॉक्टरांचं ऑपरेशन दीड तासाचं. मनगट उचलणाऱ्या स्नायूंपैकी एक सोडवायचा, त्याला चार फाटे जोडायचे आणि ते चार बोटांना नेऊन शिवायचे. एवढं करून डॉक्टर हात धुऊन नागपूरची गाडी पकडायचे. खरी कटकट पुढे. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं की मनगटाच्या स्नायूला बोटांचं काम शिकवावं लागे. जन्मभर मनगट उचललेला तो, त्याला एकाएकी बोटं वाकव म्हटलं तर तो ऐकतो थोडाच! त्याला समजावणं, रोज उठून समजावणं, हे हरिदासचं काम. वसाहतीत त्याला हातमास्तर म्हणत, आणि तो त्या नावावर खूश होता.

१९५६ च्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. जिजाबाईनं कोनाड्यातले देव विहिरीत सोडले. वसाहतीत मात्र त्यानं फारसं काही बदललं नाही. तिथं कुणबी, तेली, ब्राह्मण, सगळेच आपापल्या घरातून निघालेले, आणि त्यांचं सोवळं रोगानं आधीच नेलेलं होतं. कालपर्यंतच्या महाराच्या हातात हात द्यायला कुणी कुरकुरलंच, तर बाकीचेच त्याला हसत.

धुरपता आली ती पुढच्या चैत्रात. समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली कुणब्याची सून, वय पंचविशीच्या आसपास. नवरा चिंधू तिला सोडायला आला होता, आणि सोडून जाताना दारापाशी दोनदा घुटमळला. बाई बाकावर बसली ती उजवा हात पदराखाली घट्ट दाबून.

‘हात दाखवा बाई.’

‘परक्या मानसाच्या हातात हात कसा देऊ?’

‘कासाराले देत होत्या ना?’

‘त्यानंच तं सांगतलं साऱ्या गावाले,’ ती म्हणाली, आणि रडायच्या ऐवजी हसली.

ती हकीकत तिनं नंतर सांगितली. संक्रांतीला कासार बांगड्या भरायला दारी आला होता. बांगडी घट्ट असली की कासार अंगठ्याखालचं हाड दाबून ती चढवतो, आणि बाई ओय ओय करते; न करेल तर ती बाई कसली! धुरपता सासूशी बोलत स्वस्थ बसून राहिली. बांगडी तडकली, काच हातात रुतली, रक्त आलं, तरी तिचं बोलणं चालूच. कासार शहाणा होता. त्यानं उरलेल्या बांगड्या दोरीत ओवल्या आणि न बोलता उठला. बोलला तो पुढच्या घरी. त्यानंतर शकुबाईनं, म्हणजे सासूनं, सुनेची चूल बंद केली आणि तिला गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं. दोन वर्षांत बोटं वळली.

धुरपताच्या गोळ्या चालू होत्या, रोग थांबल्याची चिठ्ठीही डॉक्टरांनी दिली होती. पण शकुबाईला चिठ्ठी वाचता येत नव्हती आणि वाचता आली असती तरी तिनं मानली नसती. तिनं लेकाकरवी निरोप धाडला होता तो असा: येत्या होळीपर्यंत बाई घरच्यासारखी भाकर थापताना दिसली तर घेऊन येऊ, नाहीतर हिवऱ्याची एक पोरगी पाहून ठेवली आहे. चिंधूनं हा निरोप हरिदासला सांगितला तेव्हा तो जमिनीकडे पाहत होता. दुसरी आली की धुरपताला गोठ्याची खोलीही राहणार नव्हती, हे त्याला कळत होतं, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे.

दोन महिने मेण आणि तेल लावून हरिदासनं तिची ताठरलेली बोटं सैल केली. आषाढात ऑपरेशन झालं. प्लास्टर काढल्यावर त्यानं तिचा हात टेबलावर कडेनं ठेवला.

‘आता बोटायचा विचारच सोडा. मनगट उचला फक्त.’

तिनं मनगट उचलायला जोर लावला, आणि चारही बोटं मुळातून, सरळच्या सरळ, तळव्याकडे वाकली. ती दचकून हाताकडे पाहत राहिली.

‘हे मी केलं का तुमी केलं, मास्तर?’

‘मी तं हातही लावला नाई.’

तिनं ते पुन्हा केलं. दिवसभर करत राहिली. जेवताना करत होती, ओसरीवर बसून करत होती. हरिदासला असा विद्यार्थी आजवर मिळाला नव्हता, आणि इथंच तो भाळला. तिच्यावर नव्हे, आपल्या शिकवण्यावर.

दिवाळीपर्यंत ती मातीची भाकर थापायला लागली. पाटावर ओल्या मातीचा गोळा, वर सपाट पंजा, आणि हात फिरेल तसा गोळा पसरत जाई. खऱ्या पिठाचा नास नको म्हणून माती, आणि खोली गवती छपराची, त्यात मेण, म्हणून शेगडीपलीकडे जाळ नको. वसाहतीचा स्वयंपाक सामाईक होता आणि तिथले स्वयंपाकी ठरलेले, त्यामुळे तिकडेही तिचं काम पडत नव्हतं. तवा होता, पण तो टेबलावर ठेवलेला, गार.

शकुबाईचं एक मत होतं, आणि ते चिंधूच्या तोंडून हरिदासपर्यंत आलं होतं. खाली पाहून भाकर थापते ती शिकाऊ. घरची बाई मान वर ठेवून थापते, दारात कोण आलं ते पाहते, गायीला हाकलते, सवाष्णीशी बोलते, आणि हात आपला चालूच. हरिदासला ते पटलं. वहीतही तेच लिहिलेलं होतं की नवी हालचाल विचार न करता होऊ लागली म्हणजे शिक्षण पुरं झालं. त्यानं धुरपताला खिडकीकडे तोंड करून बसवलं. बाहेर कडुनिंब होता.

‘थापत राहा, अन् झाडावर पोपट किती हाय ते सांगा.’

‘पाच.’

‘खाली नका पाहू. पुन्हा मोजा.’

‘सहा, मास्तर. एक पानाआड हाय.’

भिंतीवरच्या गेरूच्या अक्षरांखाली बसवूनच त्यानं तिला पोपट मोजायला लावले. ती अक्षरं त्यानंच लिहिली होती, शेताकडे जाणाऱ्या, सुतारकाम करणाऱ्या प्रत्येक रोग्याकडून तो ती पाठ करून घेत असे. पण भाकरीशी त्यांचा संबंध आहे, हे त्या महिन्यात त्याच्या डोक्यात आलंच नाही. भाकर ही त्याच्या लेखी थापायची गोष्ट होती. भाजायचं काम तर काय, बायकांना येतंच.

मार्गशीर्षात शकुबाई बैलगाडीनं आली. स्वतःची परात, स्वतःचं ज्वारीचं पीठ आणि पाण्याचा तांब्यासुद्धा घरूनच. ती अंगणात बसली, कुणाच्या सावलीला न शिवता. धुरपतानं पीठ मळलं, गोळा केला आणि थापायला घेतला. मान वर. सासूला विचारलं, कपिला व्याली का, अंबाडी किती निघाली. परातीत भाकर गोल होत गेली, कड कुठे फाटली नाही. हरिदास खांबाला टेकून उभा होता आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होता.

‘गोल हाय,’ शकुबाई म्हणाली. कबूल करणं तिच्या जिवावर आलं होतं. इथल्या चुलीवर भाकर भाजायचा प्रश्नच नव्हता. तिनं ती पुन्हा मोडून गोळा केला आणि फडक्यात बांधला. ‘चाल मंग. गाडीत बस.’

जाताना धुरपतानं सगळ्यांसमोर हरिदासच्या पाया पडायला वाकावं आणि त्यानं मागं सरावं, असं दोनदा झालं. शकुबाईनं तोंड फिरवलं. गाडी फाटकाबाहेर गेली.

तीन आठवड्यांनी तीच गाडी परत आली. या वेळी फक्त चिंधू आणि धुरपता. उजवा हात हळदीच्या फडक्यात गुंडाळलेला. हरिदासनं फडकं सोडलं. करंगळीचं टोक कोळशासारखं काळं, शेजारच्या बोटाची आतली बाजू पार खाली मांसापर्यंत गेलेली.

चिंधू बोलला, अडखळत. सकाळची वेळ, शेजारची बाई दारात आली होती. धुरपता तिच्याशी बोलत होती. भाकर तव्यावर, आणि हात तव्याच्या कडेला टेकलेला. वास आला तो शकुबाईला, बाहेरच्या ओसरीवर. तिनं आत येऊन पाहिलं तेव्हा सून हसून बोलत होती आणि हात तिथंच होता.

‘माय म्हणते, रोग गेलाच नाई. म्हणते, जिले आपलं मांस जयलेलं समजत नाई ते चुलीपाशी नको. हिवऱ्याच्या पोरीचं होळीले पक्कं करून राह्यली.’

धुरपतानं हरिदासकडे पाहिलं. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, धडा म्हणून दाखवावा तसं ती म्हणाली, ‘मान वर केलती म्या, मास्तर. तुमी सांगतलं तशीच.’

हरिदासला भिंतीकडे बोट दाखवता आलं असतं. दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, हो मास्तर, माझंच चुकलं. आणि ते त्याला सहन झालं नसतं.

करंगळीचं टोक डॉक्टरांनी काढलं. नोंदवहीत इजेचं कारण लिहायचं असतं. डॉक्टर साबणानं हात धूत म्हणाले, ‘लिही, रोग्याचा निष्काळजीपणा.’ हरिदासनं लिहिलं आणि वही पुढे केली. डॉक्टरांनी वाचलं: शिकवणाऱ्याची चूक. ते त्याच्याकडे पाहतच राहिले.

‘हे काय?’

‘झालं ते लिवलं, साहेब. मी तिले पाहू दिलं नाई.’

डॉक्टर वैतागले, वही वरच्या साहेबांकडे जाते म्हणाले, तुझी नोकरी आहे की चेष्टा म्हणाले. मग त्यांनी सही केली.

त्या आठवड्यात हरिदासनं एक गोष्ट केली, जी तीन वर्षांपूर्वीच करायला हवी होती. सकाळी तो आपल्या बायकोच्या चुलीपुढे जाऊन बसला. तानाबाई भाकरी करत होती.

‘काऊन बसले असे?’

‘पाहून राह्यलो. तू कर.’

तिनं तव्यावर तळहात धरून धग पाहिली. भाकर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, बोटांच्या टोकांनी कड उचलली, उलटली, निखारा पुढे ओढला, भाकर त्याला टेकवली, फिरवली, चटका बसला तेव्हा बोट कानाच्या पाळीला लावलं. एका भाकरीत तिचा हात सतरा वेळा विस्तवाजवळ गेला. सतराही वेळा ती दुसरीकडेच पाहत होती, कारण हात स्वतःच मागं यायचा.

‘सोता कधी तवा धरला काय तुमी?’ तानाबाईनं विचारलं.

‘नाई.’

‘अन् भाकर शिकवून राह्यले!’ ती हसायला लागली, मग त्याचा चेहरा पाहून थांबली.

रविवारी तो मोटारीनं समुद्रपूरला उतरला आणि तिथून चार मैल चालत धुरपताच्या सासरी गेला. शकुबाईनं त्याला अंगणात पोतं टाकून दिलं आणि स्वतः ओसरीवर बसली. त्यानं मध्ये कुणाला घातलं नाही, सरळ सांगितलं. रोग गेला आहे. नसा परत येत नाहीत. मान वर ठेवून थापायला मी शिकवलं, ते चुकलं. तिला खाली पाहूनच करावं लागेल.

‘किती दिवस?’

‘जन्मभर, मावशी.’

‘म्हंजे जन्मभर नव्या नवरीवानी?’

‘हो.’

आजवर शकुबाईच्या अंगणात येऊन स्वतःहून चुकलो म्हणणारा पुरुष तिनं पाहिला नव्हता, जातीचा ना परजातीचा. ‘होळीपर्यंत,’ ती म्हणाली. ‘त्याच्यापुढे मी थांबत नाई. हिवऱ्याचे लोक थांबत नाई.’

होळीला सात आठवडे होते, त्यातले तीन जखम भरण्यात गेले. उरलेल्या चार आठवड्यांसाठी हरिदासनं कडुनिंबाखाली खरी चूल मांडली. तवा आणि पीठ तानाबाईचं. वसाहतीतल्या सुतारानं झाकणांना लाकडी मुठी बसवून दिल्या, लोहारानं लांब चिमटा केला. धुरपताच्या कोपराला अजून कळत होतं, म्हणून नियम केला: आधी कोपर न्यायचं, मग डोळे, मग बोटं. निखारा हातानं ओढायचा नाही. आणि भाकर उतरेपर्यंत वर पाहायचं नाही, काही झालं तरी.

हे शेवटचं सगळ्यांत अवघड निघालं. वर न पाहता बोलणं बाईमाणसाला तुसडेपणाचं वाटतं. हरिदास मुद्दाम समोर बसून गप्पा काढायचा. ती उत्तर देताना मान उचलायची, की त्यानं चिमटा दगडावर आपटलाच.

‘धुरपताबाई, पोपट किती?’

ती वर पाहणार तेवढ्यात थांबायची. ‘मले नाई माहीत.’

‘पाहा ना.’

‘नाई पाहत.’

एकदा तानाबाई एकाएकी ओरडली, ‘साप, साप!’ धुरपतानं तवा आधी उतरवला, मग उठली. साप नव्हता. हरिदासनं त्या दिवशी बायकोला शाबासकी दिली आणि धुरपतानं दोघांना मनातल्या मनात शिव्या दिल्या असाव्यात.

होळीच्या दोन दिवस आधी शकुबाई आली. पुन्हा तीच परात, तेच फडकं. या वेळी हरिदास म्हणाला, भाकर भाजून पाहायची, नाहीतर पाहूच नका. ती कुरकुरली, शेवटी घरून आणलेला तवा तिनं चुलीवर ठेवू दिला. धुरपता बसली. मान खाली. शकुबाईनं कपिलेचं वासरू मेल्याचं सांगितलं. धुरपता ‘अरेरे’ म्हणाली, पण तव्याकडे पाहून.

‘मी बोलून राह्यली तुयासंगं. मायाकडे पाह्य तं खरी.’

सासूनं बोलावलं आणि सुनेनं मान उचलली नाही, तर घरी नेण्याचा विषय तिथंच मिटणार. उचलली, तरी मिटणारच.

‘नाई पाहत, आत्याबाई,’ धुरपता म्हणाली. ‘भाकर उतरू द्या आधी.’

तिनं चिमट्यानं भाकर उलटली, कोपर तव्याजवळ नेऊन मागं घेतलं, भाकर उतरवून परातीत ठेवली. तवा खाली घेतला. हात पालथे, उताणे करून पाहिले. मग मान वर करून ती सासूकडे पाहत बसली, आता काय करायचं ते करा, अशी.

शकुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. मधले ते थोडे दिवस सोडले, तर तीन वर्षांत तिनं या सुनेच्या हातचं खाल्लं नव्हतं. ती बराच वेळ चावत राहिली.

‘कच्ची नाई,’ ती म्हणाली. मग गाडीकडे तोंड करून लेकाला हाक मारली, ‘चिंधू, बैल जुंप.’

हिवऱ्याच्या पोरीचं पुढे दुसरीकडे जमलं. वसाहतीत होळी झाली, आणखी रोगी आले, हरिदासनं भिंतीवरची अक्षरं नव्यानं गिरवली आणि प्रत्येक बाईला चुलीपुढे बसवल्याशिवाय घरी सोडायचं नाही असा नियम केला. पुढच्या वर्षी, बोरं पिकायच्या दिवसांत, तो घरी गेलेल्या रोग्यांचे हात पाहत गावोगाव फिरत होता, तेव्हा त्या गावी गेला.

अंगणात त्याच जागी पोतं पडलं. चिंधू समोर बसला. दार उघडं होतं आणि आतली चूल बाहेरून दिसत होती. धुरपताचं डोकं खाली.

‘कोन हाय?’ तिनं वर न पाहता विचारलं.

‘हातमास्तर.’

‘बसा मास्तर. भाकर उतरू द्या.’

हरिदासला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. नऊ-दहा महिने समोरासमोर बसून बोललेली बाई, तिचा चेहरा पाहायला आता भाकर उतरायची वाट पाहावी लागणार होती. आणि हे त्यानंच तिला लावलं होतं.

मग त्याला आतला दुसरा आवाज ऐकू आला. शकुबाई चुलीशेजारी पाटावर बसून तूर निवडत होती, आणि तिचं तोंड चालू होतं. ‘गरम हाय ते.’ धुरपताचा झाकणाकडे निघालेला हात थांबला. ‘हं, ते थंडं हाय, धर.’ ‘इकून जाळ येऊन राह्यला, मांगं घे हात. कितीदा सांगू?’ सगळं करवादूनच, एखादी सासू दिवसभर सुनेला टोचत राहते तसं. पण दर वेळी ती झाकणाला, तांब्याला, मुठीला आधी स्वतःचं बोट लावून पाहत होती, आणि मग टोचत होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हरिदासच्या वहीत असलं काही नव्हतं. खबर परत आणणारं कुणी जन्माला आलेलं नाही, असं तो इतकी वर्षं प्रत्येक रोग्याला सांगत आला होता.

भाकरी झाल्या. धुरपतानं बाहेर येऊन हात दाखवले, हरिदासनं ते उलटसुलट करून पाहिले, नवा व्रण एकही नव्हता. तिच्या मनगटापासून वर हिरव्या बांगड्या होत्या. कासार आला होता का, असं त्यानं विचारलं. ‘आला. आत्याबाईनंच भरल्या पन, त्याले हात लावू देल्ला नाई,’ ती म्हणाली आणि पुन्हा आत चहा ठेवायला गेली.

चहा शकुबाईनं आणला. चिंधूला पितळी पेला. हरिदाससाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला चिनी मातीचा कप, कान तुटलेला. तो कुणासाठी वेगळा ठेवतात, हे हरिदासला कुणी सांगायला नको होतं. चिंधूनं नजर वळवली. शकुबाईनं कप त्याच्या हातात दिला नाही, पोत्यासमोर जमिनीवर ठेवला आणि वळली. दोन पावलं जाऊन ती सवयीनं थांबली.

‘गरम हाय, बापू,’ ती म्हणाली. ‘पाहून धरजो.’

हरिदासचे हात धडधाकट होते, त्यांना सगळं कळत होतं. तरी त्यानं खाली पाहिलं. तुटलेला कान पाहिला, वाफ पाहिली, आणि मग कप धरला.